उंचीतून शंभर वजा

भिवंडीत लहानपणापासून आम्ही ज्या दवाखान्यात जात आलो, तिथे वजनकाट्याच्या वर उंची-वजनाचा एक तक्ता टांगलेला असे. कागद पिवळा पडलेला, खाली कुठल्याशा टॉनिकची जाहिरात. डॉक्टर त्याकडे क्वचितच पाहत. त्यांचा हिशेब तोंडी होता: सेंटिमीटरमधल्या उंचीतून शंभर वजा करा, उरेल तितके किलो वजन ठीक. आमच्यापैकी बहुतेकांना ते "वजन ठीक आहे" असेच सांगत. कुणाला दूध-अंडी वाढवायला सांगत. त्या 'ठीक' वजनाच्या मंडळींपैकी काहींना चाळिशीतच मधुमेह निघाला, तेव्हा आम्हाला प्रश्न पडला की, हे 'ठीक' ठरवले कोणी आणि कोणाला मोजून?

शंभर वजा करण्याचा नियम पॉल ब्रोका या एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शल्यवैद्याच्या नावावर चालत आला आहे. त्याहून महत्त्वाचे नाव अ‍ॅडॉल्फ केटले यांचे. हे बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ. आकाशातील निरीक्षणांना लावायचे गणित त्यांनी माणसांना लावले आणि 'सरासरी माणूस' शोधायला निघाले. १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी नोंदवले की, प्रौढ माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इथे भूमितीच्या शिक्षकांनी थांबावे. एखादी वस्तू सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात मोठी केली तर तिचे वजन घनाच्या प्रमाणात वाढायला हवे. मग माणसाच्या बाबतीत वर्ग का? कारण उंच माणूस ही बुटक्या माणसाची मोठी केलेली प्रतिकृती नसते. उंचीच्या मानाने तो सडपातळ असतो. वर्गात विचारण्याजोगा हा प्रश्न आहे. लठ्ठपणा, औषधोपचार यांच्याशी केटलेंना काही देणेघेणे नव्हते.

वजनाचा संबंध आयुष्याशी जोडला तो विमा कंपन्यांनी. विमेदार किती वर्षे जगेल यावर त्यांचा नफा-तोटा अवलंबून, त्यामुळे माणसे मोजण्यात त्यांना रस होता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीतील संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांच्या देखरेखीखाली १९४२-४३ मध्ये 'आदर्श वजना'चे तक्ते निघाले. १९५९ मध्ये ते सुधारले गेले आणि 'आदर्श'ऐवजी 'इष्ट' हा जरा नम्र शब्द आला. विमा घेणे परवडणारे लोक, तेही बहुतेक गोरे, हा त्या तक्त्यांचा पाया. पण तक्ते डॉक्टरांच्या भिंतीवर गेले आणि तिथून जगभर पसरले. आमच्या दवाखान्यातला पिवळा कागद त्याच घराण्यातला असावा.

१९७२ साली अमेरिकेतील अ‍ॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केटलेंचे सूत्र पुन्हा वर काढले. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. येणाऱ्या आकड्याला त्यांनी दिलेले नाव आज 'बीएमआय' म्हणून सर्वांच्या तोंडी आहे. त्यांनी तपासले ते पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुष. स्त्री एकही नाही. भारत त्या पाच देशांत नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी २५ च्या वर जास्त वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा अशा रेषा आखल्या. त्या आखताना प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील मृत्यूंची आकडेवारी समोर होती.

आता पुण्याकडे वळू. १९८० च्या दशकात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रुग्ण तपासत होते. पाठ्यपुस्तकातला मधुमेही उतारवयातला आणि लठ्ठ. समोर येणारा रुग्ण तरुण आणि पुष्कळदा सडसडीत. अशा वेळी आपल्याकडची नेहमीची सवय म्हणजे पुस्तक बरोबर आणि रुग्ण अपवाद असे मानणे. याज्ञिकांनी तसे मानले नाही, आणि आमच्या मते या सगळ्या इतिहासातली मोलाची गोष्ट हीच.

१९९३ पासून त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, हे ठाऊकच होते. पण सगळे अवयव सारख्या प्रमाणात लहान नव्हते. स्नायू, पोटाचा घेर यांत मोठी घट. पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकून. म्हणजे बाळ हडकुळे, तरी तुलनेने चरबीदार! २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र आले. त्यात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय २२.३. क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीरातील चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तक्त्याच्या दृष्टीने दोघे एकसारखेच.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हावे असे सुचवले. २००९ मध्ये भारतीय डॉक्टरांचे एकमताचे निवेदन प्रसिद्ध झाले: २३ ला जास्त वजन, २५ ला लठ्ठपणा, शिवाय पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा.

याचा अर्थ भिवंडीत काय होतो ते पाहू. समजा, एक गृहस्थ वीस वर्षे यंत्रमागावर बारा-बारा तास उभे राहिले आणि आता त्याच कारखान्यात मेहता म्हणून वही घेऊन बसतात. जेवण खाणावळीतलेच, तितकेच. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६६ किलो. शंभर वजा केले तर एक किलो जास्त, म्हणजे काहीच नाही. बीएमआय २४.२, जुन्या रेषेनुसार ठीक. भारतीय रेषेनुसार मात्र त्यांनी साडेबासष्ट किलोच्या आसपास असायला हवे होते आणि डॉक्टरांनी एव्हाना रक्तातील साखर तपासायला सांगायला हवे होते. दोन रेषांत अंतर साडेपाच किलोंचे. तेवढ्यात काही वर्षे हातची जातात.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत मेक्सिको, क्यूबा, प्वेर्तो रिको येथून आलेल्या हिस्पॅनिक लोकांची स्वतंत्र आरोग्य पाहणी १९८२-८४ मध्ये झाली. तरी दवाखान्यात त्यांना सल्ला मिळतो तो सर्वांसाठीच्या २५ आणि ३० या रेषांवरूनच. हा निर्देशांक मुख्यतः हिस्पॅनिकेतर गोऱ्यांच्या आकडेवारीवर बेतलेला आहे, हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०२३ साली ठराव करून मान्य केले. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये भारतीय निकष पुन्हा तपासले गेले. २३ चा आकडा राहिला. पण केवळ त्यावर न थांबता पोटावरची चरबी आणि सोबतचे आजार पाहून पायरी ठरवावी, असे त्यात आहे.

शिक्षकमित्रांना प्रयोग करायचा असेल तर एक सूचना. वरचे सगळे आकडे प्रौढांचे आहेत, शाळकरी मुलांना ते लावू नयेत. आणि वर्गासमोर कुणाचेही वजन करू नये, त्या मुलाच्या ते जन्मभर लक्षात राहते. शिक्षकखोलीत आपापसांत मोजावे. काटा नसला तरी चालेल. कापडाच्या या गावात शिंप्याकडची टेप सहज मिळते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध ती आडवी धरायची, श्वास सहज सोडायचा आणि मग आकडा वाचायचा. आम्ही हे केले तेव्हा सातपैकी चौघांनी पोट आत ओढून धरले होते. त्यांचे पुन्हा मोजावे लागले.