जखमी चाकराची भरपाई : सभासदाची बखर, १८८४ चा अर्ज व १९२३ चा कायदा

कामावर इजा झालेल्या माणसास धन्यानें भरपाई द्यावी, ही कल्पना विलायतेहून आली असें सर्रास मानलें जातें. कायद्यापुरतें पाहतां तें खरें आहे. परंतु कल्पनेचें मूळ शोधूं लागल्यास घरच्या कागदांकडे वळावें लागतें, आणि तेथें प्रथम हातीं लागते ती कृष्णाजी अनंत सभासदाची बखर.

अफझलखानाच्या वधानंतर (१० नोव्हेंबर १६५९) महाराजांनीं आपल्या लोकांची कशी वास्तपुस्त केली, हें सभासद सांगतो. पडलेल्यांच्या मुलांस चालविलें; मुलगा नसेल तेथें विधवेस निमें वेतन बांधून दिलें; जखमींस जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत रक्कम दिली. बखर १६९७ ची, म्हणजे प्रसंगानंतर ३८ वर्षांनीं जिंजीस लिहिलेली. तेव्हां आंकड्यांवर अक्षरशः विसंबणें आम्हांस धाडसाचें वाटतें. तथापि जखमेची प्रत लावून रक्कम ठरविण्याची रीत लेखकास परिचित होती, एवढें त्यावरून खास दिसतें. पेशवाईच्या कागदांत आढळणारी ‘बालपरवेशी’, म्हणजे कामास आलेल्याच्या मुलांसाठीं लावून दिलेली नेमणूक, ही त्याच जातीची.

मात्र हा हक्क होता काय? आमच्या मतें नव्हता. जें मिळे तें सरकारच्या मर्जीनें. न मिळाल्यास दाद मागण्यास तिसरें ठिकाण नव्हतें. शिवाय सभासद बोलतो तें लढणाऱ्यांविषयीं.

गिरणीच्या मजुराची गोष्ट निराळी. १८५५ च्या कायद्यानें मृताच्या वारसांस दावा लावतां येई. पण धन्याची कसूर शाबीत करावी लागे, आणि तें गरिबाच्या आवांक्यांतलें नव्हतें. अशा स्थितींत सप्टेंबर १८८४ मध्यें ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईंत मजुरांच्या सभा भरविल्या आणि सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यांतील रविवारच्या सुटीची मागणी सर्वांस ठाऊक आहे. शेवटचें कलम मात्र फारसें कोणी वाचीत नाहीं. काम करतांना जबर दुखापत झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, व कायमचा पंगु झालेल्याच्या निर्वाहाची तजवीज करावी, असें त्यांत मागितलें आहे. हें कलम मान्य होण्यास रविवारच्या सुटीहून पुष्कळ अधिक काळ लागला.

१९२३ चा आठवा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. त्याचें परिशिष्ट जुन्या कागदांच्या अभ्यासकानें अवश्य पाहावें. कोपरापासून वरचा उजवा हात गेल्यास कमाईची शक्ति शेंकडा ७० घटली असें धरावयाचें, डाव्यास ६०. एक डोळा ३०, आंगठा २५, तर्जनी १०. जखम पाहून रक्कम ठरविण्याचीच ही रीत, फक्त ती छापील कोष्टकांत बसविली. दानत मात्र आंखडती! पहिल्या दहा दिवसांचें कांहीं नाहीं. पुढें पंधरवड्यास महिन्याच्या पगाराचा चतुर्थांश किंवा १५ रुपये, यांत कमी असेल तें. मृत्यूबद्दल ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांतही कमी असेल तें. १८८४ च्या मजुरांनीं याहून अधिक मागितलें होतें, आणि सभासदाच्या विधवेचें निमें वेतनही याच्या शेजारीं उणें दिसत नाहीं. पण येथें धन्याची कसूर शाबीत करण्याची अट गेली होती आणि दाद मागण्यास कमिशनर होता. आम्ही हा फरक रकमेहून मोठा समजतों.

संग्राहकांस एक विनंति. लढाईच्या पत्रास आपण कापडांत गुंडाळून ठेवतों, आणि जखमींच्या यादीस रद्दींत टाकतों. बंद पडलेल्या गिरण्यांचे हजेरीपट, अपघाताच्या वह्या किंवा ‘दीनबंधु’चे १८८४ चे अंक कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं त्यांची नक्कल मंडळाकडे अवश्य धाडावी.