जोतीरावांनी नाकारलेलं निमंत्रण

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी आमच्या हातात चिठ्ठी ठेवली. त्यांच्या सोसायटीत दरवर्षी स्नेहमेळावा भरतो. गाणी होतात, कथाकथन होतं, शेवटी एकत्र जेवण. निमंत्रण सगळ्यांना असतं. पण घरकाम करणाऱ्या बायका आणि वॉचमन मंडळी काही केल्या येत नाहीत. 'आम्ही मनापासून बोलावतो, मग चुकतं कुठे?' असा प्रश्न चिठ्ठीत होता. आज त्या प्रश्नाकडे आपण पुण्यातल्याच एका जुन्या निमंत्रणाच्या वाटेनं जाऊ या.

१८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात हिराबागेत मराठी ग्रंथकारांची सभा भरवली. आजचं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपला जन्म तिथूनच मोजतं. दुसरी सभा भरली ती सात वर्षांनी, मे १८८५ मध्ये, सार्वजनिक सभेच्या जोशी हॉलमध्ये. या दुसऱ्या सभेचं निमंत्रण रानड्यांकडून जोतीराव फुल्यांना गेलं.

आता हे निमंत्रण म्हणजे वरवरचा शिष्टाचार होता असं आम्हाला वाटत नाही. तोवर जोतीरावांचा शिवाजीचा पोवाडा येऊन सोळा वर्षं झाली होती, 'गुलामगिरी'ला बारा. ग्रंथकार म्हणून त्यांना बोलावणं हा त्यांचा हक्कच होता आणि रानड्यांना तो मान्य होता. शिवाय दोघांचा जुना संबंध. १८७५ साली स्वामी दयानंद पुण्यात आले, त्यांची मिरवणूक काढायची ठरली. विरोधकांनी गाढवाला सजवून 'गर्दभानंदा'ची वेगळी मिरवणूक काढली, चिखलफेक झाली. त्या दिवशी मिरवणुकीच्या रक्षणाला जोतीराव आपले सत्यशोधक घेऊन उभे राहिले होते. म्हणजे या दोघांनी एका रस्त्यावर एकत्र चिखल झेललेला आहे!

तरीही जोतीराव सभेला गेले नाहीत. कळवलं मात्र सविस्तर. ते पत्र पुढे 'ज्ञानोदया'त छापून आलं. त्याचा सूर कडक आहे, काही जागी बोचरा आहे. सार सांगायचं तर असं: ज्यांच्या ग्रंथांत आणि व्यवहारात आम्हाला माणसाचे हक्क नाहीत, त्यांच्या सभांशी आमचं जमणार नाही. आमचं दुःख काय आहे ते त्यांच्या पुस्तकांत उतरणार नाही. ते आमचं आम्हालाच लिहावं लागेल. आणि एकी करायची असेल, तर ती कशानं होईल याचं मूळ आधी शोधून काढा.

पुष्कळ वर्षं आम्ही हे पत्र वर्गात शिकवलं आणि पुष्कळ वर्षं विद्यार्थी एकच विचारत आले: 'सर, गेले असते तर काय बिघडलं असतं? आत जाऊन बोलता आलं असतं की.' प्रश्न रास्त आहे. पण क्षणभर थांबून बघा. यजमान आणि पाहुणा हे नातं कितीही प्रेमाचं असलं तरी त्यात एक गोष्ट आधीच ठरलेली असते. घर कुणाचं, हे ठरलेलं असतं. पाहुण्याला पाट मिळतो, वाढण मिळतं. स्वयंपाक काय करायचा हे त्याला विचारलं जात नाही. सभेत ग्रंथ कशाला म्हणायचं, चांगली भाषा कोणती, कुठला विषय महत्त्वाचा, हे जोशी हॉलच्या बाहेर आधीच ठरून गेलं होतं. जोतीरावांचा आक्षेप त्या आधीच ठरण्यावर होता, असं आम्ही समजतो. रानड्यांचा हेतू वाईट होता असं म्हणायची गरज नाही. हेतू चांगला असूनही हे घडतं, म्हणून तर त्या बाईंची चिठ्ठी आली.

याचा अनुभव जोतीरावांना तिशीच्या आतच आला होता. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. एक गरोदर कुणबीण, तिचा नवरा, त्यांना ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी, आणि मधून मधून सगळ्यांची फिरकी घेणारा विदूषक. शेवटी नवरा-बायको रात्रीच्या शाळेत जायला निघतात. दक्षिणा प्राइज कमिटीकडे नाटक गेलं आणि नापसंत होऊन परत आलं. ते छापलं गेलं थेट १९७९ साली. एकशे चोवीस वर्षांनी, मंडळी.

मग हा माणूस सभा-संमेलनांना कंटाळलेला होता का? मुळीच नाही. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहून झाला, तो लिहीत असतानाच जोतीरावांनी ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवला. कुठे कुठे ते त्यांनीच नोंदवून ठेवलंय: मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याविषयीचं पुस्तक आधी त्यांच्याच कानांवर घातलं. आम्हाला विचाराल तर हीसुद्धा एक ग्रंथकार सभाच. फक्त तिची अध्यक्षीय भाषणं छापली गेली नाहीत.

जोतीराव १८९० मध्ये गेले. नंतर त्यांच्या अनुयायांनी तमाशाचा साचा उचलला, त्यात सावकार, भट, कुलकर्णी यांच्या गोष्टी भरल्या आणि सत्यशोधक जलसे गावोगाव नेले. त्याच वाटेनं पुढे आंबेडकरी जलसे आले. पुण्यात तर १९२०च्या दशकात जेधे-जवळकरांचा छत्रपती मेळा गणेशोत्सवातच उभा राहिला. उत्सव ज्यांना आपला वाटत होता त्यांना ही गाणी झोंबली, भांडणं झाली. त्या मेळ्यांतली काही भाषा आज आम्हालाही खटकते, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मेळा हा प्रकार तोवर एकाच बाजूचा समजला जात होता, तो आता तसा राहिला नाही.

आणि संमेलन? तिथे पहिल्या स्त्री अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, १९६१ साली. शंकरराव खरात अध्यक्ष झाले १९८४ साली, जळगावला. हिराबागेपासून मोजा, एकशे सहा वर्षं.

आता घरचंच सांगतो. आम्ही कॉलेजात स्नेहसंमेलनाच्या समितीवर होतो तेव्हाची गोष्ट. एक मुलगा फार सुंदर हलगी वाजवायचा. आम्ही मोठ्या उत्साहानं त्याला कार्यक्रमात घेतलं. कुठे? तर फाटकापाशी, प्रमुख पाहुण्यांच्या स्वागताला. पाहुणे आत गेले की त्याचं काम संपलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सर, आमचे आजोबाही असंच दारात वाजवायचे." एवढंच बोलला आणि गेला. आम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, समता या विषयावर तास घेत होतो.

पुढच्या वर्षी समितीत त्यालाच घेतलं, कार्यक्रमपत्रिका त्यानं आणि त्याच्या दोन मैत्रिणींनी लिहिली. हलगी मंचावर, सुरुवातीला, पाऊण तास. नंतर एका मुलीनं आपल्या आजीच्या ऊसतोडीची गोष्ट तिच्याच बोलीत सांगितली, ती संपेपर्यंत मागचे हुल्लडबाज गप्प होते. प्रमुख पाहुण्यांचं भाषण सगळ्यात शेवटी, दहा मिनिटांचं. पाहुणे दोनदा घड्याळाकडे बघताना आम्ही पाहिलं. आम्हीही बघत होतो, खोटं कशाला बोला.

चिठ्ठी लिहिणाऱ्या बाई आज आल्यात का? त्यांना एवढंच विचारायचं होतं, मेळाव्याची तारीख आणि वेळ कोण ठरवतं? कारण संध्याकाळी सात ही वॉचमनची पाळी बदलायची वेळ असते.