राजवाडा होता, मांडव पडला नाही

रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला तेव्हा त्यात ब्रह्मदेशच्या चार राजकन्या राहायला आल्या. थोरली तिशीला टेकलेली, धाकटी तेवीस वर्षांची. चौघीही अविवाहित. समोर भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र, भोवती मोठं आवार, आत संगमरवरी फरशीचं दालन. लग्नासाठी याहून चांगली जागा कुणाला सुचणार? तरीही चौघींपैकी एकीचंही लग्न त्या वास्तूत लागलं नाही.

हे सगळं मी वाचायला लागले, कारण माझं लग्न ठरलंय. मी ठाण्याची, वर्तकनगरची; तो रत्नागिरीचा. नोकरी दोघांचीही सॉफ्टवेअरमधली. आमच्याकडे लग्न म्हणजे म्हाडाच्या बिल्डिंगींमधल्या मोकळ्या जागेत मांडव, नाहीतर जवळपासचा हॉल. यावेळी मात्र घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'डेस्टिनेशन वेडिंग' हा शब्द आला आणि पाठोपाठ एका प्लॅनरची पीडीएफ आली. पहिल्या पानावर थिबा राजवाड्याचा फोटो, खाली 'रॉयल बर्मीज थीम'. प्रत्यक्षात राजवाड्यात राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं वस्तुसंग्रहालय आहे. म्हणजे लग्न होणार होतं जवळच्या एका लॉनवर, आणि राजेशाही येणार होती फ्लेक्सवर छापून.

थीम रॉयल आहे तर निदान त्या रॉयल मंडळींची लग्नं कशी झाली ते बघावं, म्हणून मी शोधायला बसले.

मुंबईची कंपनी आणि मंडालेचा राजा

थिबा हा ब्रह्मदेशच्या कोनबाँग घराण्याचा शेवटचा राजा. त्याचं राज्य गेलं त्यात मुंबईचाही हात आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मुंबईत स्थापन झालेली कंपनी ब्रह्मदेशच्या जंगलातून सागवान काढायची. ठरल्यापेक्षा जास्त लाकूड नेलं, असं म्हणून राजाच्या दरबारानं कंपनीला मोठा दंड ठोठावला. इंग्रजांना उत्तर ब्रह्मदेश हवाच होता, फ्रेंचांची तिथली ये-जाही त्यांना खुपत होती. दंडाचं निमित्त मिळालं. नोव्हेंबर १८८५ मध्ये आगबोटी इरावतीतून वर चढल्या आणि जेमतेम दोन आठवड्यांत युद्ध संपलं. राजाला बैलगाडीतून नदीच्या धक्क्यावर नेण्यात आलं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, आजच्या माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान.

मंडालेहून रंगून, तिथून मद्रास आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. सोबत राणी सुपायालात आणि मुली. थोरल्या दोघी मंडालेत जन्मलेल्या, तिसरी वाटेत मद्रासला झाली, चौथी पुढच्या वर्षी रत्नागिरीत.

रत्नागिरीच का? कारण तिथं रेल्वे नव्हती. बोटीनं जायचं, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की तीही वाट बंद. राजाला जगापासून लांब ठेवायला यापेक्षा सोयीचं गाव कोणतं? याच्या उलट प्रवास इंग्रजांनी आधीच एकाला घडवला होता. बहादूरशहा जफरला दिल्लीहून रंगूनला नेलं आणि तो तिथंच १८६२ मध्ये वारला. एका देशाचा राजा दुसऱ्या देशात नेऊन ठेवायचा, म्हणजे त्याच्याभोवती माणसं जमत नाहीत.

कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये. आज आमची अख्खी वऱ्हाडयादी ठाण्याहून मांडवी किंवा जनशताब्दीनं जायच्या गोष्टी करते आणि साठ दिवस आधी बुकिंग उघडताच तिकिटं कशी पटकवायची याची आखणी करते. राजाच्या हद्दपारीसाठी जे गाव निवडलं, त्याला आता आपण 'गेटअवे' म्हणतो. बदललं एवढंच की आपल्या हातात परतीचं तिकीट असतं.

चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यात

पीडीएफ बघून वाटतं की राजा आला आणि राजवाड्यात राहायला लागला. तसं नव्हतं. सुरुवातीची चोवीस वर्षं हे कुटुंब रत्नागिरीतल्या बंगल्यांमध्ये राहिलं. तनखा सरकार द्यायचं, पहारा सरकारचा, गावाबाहेर जायचं तर परवानगी सरकारची. सोबत आणलेले दागदागिने हळूहळू विकले जात होते. राजा नव्या घरासाठी अर्जामागून अर्ज करत होता.

अखेर लाखाहून जास्त रुपये खर्चून सरकारनं राजवाडा बांधला. नकाशात राजानं स्वतः लक्ष घातलं. जांभ्या दगडाचं तीन मजली बांधकाम, उतरती छपरं, अर्धगोलाकार लाकडी खिडक्यांवर कोरीव काम, आणि मागच्या बाजूला राजानं बसवलेली बुद्धमूर्ती. कोकणातल्या दगडाचं, इंग्रज सरकारच्या पैशातलं आणि बर्मी राजाच्या मनातलं हे घर. फोटोत ते महालासारखं दिसतं, पण सोप्या शब्दांत सांगायचं तर तो एक सुंदर, हवेशीर तुरुंग होता.

या घरात एक मोठा सोहळा नक्की झाला. १९१४ मध्ये राजकन्यांचे कान टोचले. आपल्याकडे कान बारशाच्या आगेमागे टोचतात. बर्मी रिवाजात मुलगी वयात आल्याचा तो मोठा समारंभ असतो. इथं तो होईपर्यंत मुली पंचविशी-तिशी ओलांडून गेल्या होत्या. राजाला तो राजाच्या इतमामातच करायचा होता, आणि इतमामाला पैसा लागतो. ठरवल्या थाटाशिवाय काहीच करायचं नाही म्हटलं की आयुष्यातली वर्षं कशी निघून जातात, ते या एका गोष्टीवरून कळतं.

तोलामोलाचं स्थळ

मग लग्नाचं काय? इथं मला ही कहाणी खरी कळायला लागली.

ब्रह्मदेशच्या राजघराण्यात राजकन्येचं लग्न राजरक्ताच्या पुरुषाशीच व्हायचं, तेही शक्यतो घराण्यातच. थिबा आणि सुपायालात हे स्वतः सावत्र भाऊ-बहीण होते. बाप एकच, राजा मिंडोन. या हिशेबानं मुलींसाठी स्थळं म्हणजे नात्यातले राजपुत्र. आता १८७९ मध्ये जाऊ. थिबा गादीवर आल्यानंतर काही महिन्यांतच, गादीवर हक्क सांगू शकतील अशा राजघराण्यातल्या माणसांची मंडालेत सरसकट कत्तल झाली. बायका-मुलंही सुटली नाहीत. ज्या घरांतून तोलामोलाचे जावई यायचे, ती घरंच संपवली गेली होती. मुली जन्माला येण्याआधीच त्यांची स्थळं मारून टाकलेली होती.

उरलेले काही राजपुत्र पळून इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले. ते जावई होण्याऐवजी गादीचे दावेदार होते. सरकारचीही वेगळी काळजी होती. थिबाचा जावई उद्या ब्रह्मदेशात राजा म्हणून उभा राहिला तर? म्हणून राजकन्यांची लग्नं हा सरकारी फायलींचा विषय झाला. अधिकाऱ्यांनी ब्रह्मदेशात चौकशी करून स्थळं काढली. राजाला ती पसंत पडली नाहीत. कुणी पुरेसं राजरक्ताचं नव्हतं.

हे वाचताना मला आमच्या घरातलं दीड वर्ष आठवलं. आमच्या दोघांच्या जाती वेगळ्या आहेत. घरचे चांगले आहेत. कुणी आरडाओरडा केला नाही, दार बंद केलं नाही. फक्त निर्णय लांबवत राहिले. "मुलगा छानच आहे गं, पण जरा आपल्यातलं..." असं म्हणून आजी वाक्य अर्ध्यावर सोडायची. त्या अर्ध्या वाक्यावर दीड वर्ष गेलं. राजाच्या मुलींची तीस वर्षं याच वाक्यावर गेली.

दारावरचा माणूस

थोरल्या राजकन्येनं वाट बघणं सोडून दिलं. गोपाळ भाऊराव सावंत हा त्यांच्याकडचा दरवान. मराठी, आणि आधीच लग्न झालेला. त्याच्यापासून तिला १९०६ मध्ये मुलगी झाली. तिचं नाव टू टू. मराठीत तिला बाईसू म्हणत. म्हणजे राजवाड्यात राहायला येण्याआधीच घरात नात होती. पण तिच्या जन्माचा मान सोहळ्यानं करावा, असं कुणाला वाटलं नाही.

ही गोष्ट प्रेमकथा म्हणून सांगायचा मोह होतो, आणि रत्नागिरीत बरेचदा ती तशीच सांगितली जाते. मला तसं सांगवत नाही. ज्या घराच्या दारावर पहारा आहे, त्या घरातली मुलगी भेटून भेटून कुणाला भेटणार? दारावरच्या माणसाला. निवड तिची होती असं मी मानते, पण निवडायला समोर किती माणसं होती, हेही मोजायला हवं.

दुसऱ्या राजकन्येनं खिन माँग जी या, राजाकडे पूर्वी चिटणीस असलेल्या बर्मी माणसाशी लग्न करायचं ठरवलं. हाही राजरक्ताचा नव्हता. आईबापांचा विरोध होता. राजाच्या शेवटच्या दिवसांत तिनं घर सोडलं. राजानं तिला परत आणायला मोटार पाठवली, ती रिकामी आली आणि त्या धक्क्यानं तो गेला, असं सांगितलं जातं. बापाच्या मरणाचं खापर पळून गेलेल्या मुलीवर फोडणं आपल्याकडे फार सोपं असतं, त्यामुळे ही गोष्ट टिकली यात नवल नाही. पक्कं एवढंच की डिसेंबर १९१६ मध्ये थिबा वारला आणि १९१७ मध्ये दुसरीनं त्याच माणसाशी लग्न केलं. पुढे ती दोघं कालिंपाँगला राहिली.

१९१९ मध्ये राणी आणि मुलींना ब्रह्मदेशात परतू दिलं. तिसरीचं आणि चौथीचं लग्न रंगूनला गेल्यावरच झालं. थोरली मात्र थोड्याच काळात लेकीला घेऊन रत्नागिरीला परत आली आणि १९४७ मध्ये तिथंच वारली. जन्म मंडालेच्या राजवाड्यातला, शेवट कोकणातला. टू टूनं एका मराठी माणसाशी संसार केला, मुलं वाढवली, गरिबीत दिवस काढले. कोनबाँग घराण्याच्या शेवटच्या राजाची ही थोरली नात मराठी बोलत जगली आणि २००० साली रत्नागिरीत गेली. त्याच वर्षी अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी आली आणि थिबाचं नाव जगभरच्या वाचकांपर्यंत पोचलं.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत थिबाच्या समाधीला आले होते. राजा आजही इथंच आहे. त्याला परतीचं तिकीट मिळालं नाही.

नोटीस

आम्ही लग्न विशेष विवाह कायद्यानं करतोय, १९५४ च्या. या कायद्यात विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात लावली जाते आणि तीस दिवस कुणालाही कायदेशीर कारणावरून हरकत घेता येते. दोन सज्ञान माणसांची नावं आणि पत्ते महिनाभर भिंतीवर. मध्ये फाइल, दोन्हीकडे वाट बघणं. राजकन्यांच्या लग्नाच्या फाइली आणि आमची नोटीस एक नाही, हे मला कळतं. त्यांना नाही म्हणणारे राजा आणि सरकार दोघेही होते. आम्हाला कायदा शेवटी हो म्हणतो. पण 'हरकत असल्यास कळवावे' ही भाषा ओळखीची आहे. ती आधी घरात बोलली जाते, मग सरकार ती टाइप करतं.

आजीला मी थोरल्या राजकन्येची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली. मग विचारलं, "आणि त्या नातीला कुणी राजवाड्यात नेलं की नाही मग?" मी म्हटलं, राजवाड्याचं ठाऊक नाही, पण म्हातारपणी पत्रकार तिला शोधत यायचे. आजी म्हणाली, "म्हातारपणी काय करायचंय? बारशाला यायचं होतं की." त्यानंतर 'आपल्यातलं' हा शब्द निदान माझ्यासमोर तिनं वापरलेला नाही.

बर्मीज थीमला आम्ही नाही कळवलंय. ज्या कुटुंबाला त्या घरात लग्न करता आलं नाही, त्यांच्या कैदेचा फोटो माझ्या वरमालेच्या मागे नको. नोंदणी ठाण्यात होईल. जेवण रत्नागिरीत, त्याच्या घरच्या अंगणात. मांडव झापांचा, सोलकढी त्याच्या आईच्या हातची, माणसं ट्रेनमध्ये मावतील तेवढी.

दुसऱ्या दिवशी मात्र ज्यांना यायचंय त्यांना घेऊन आम्ही राजवाडा बघायला जाणार आहोत. संग्रहालय उघडायच्या वेळेला, तिकीट काढून, साध्या कपड्यांत. आजीनं आधीच सांगून ठेवलंय की गाडीत पुढची सीट तिची.