दुनळी, लायसन्स आणि आत्याचा खांदा

आमच्या ग्वाल्हेरात खांद्यावर बंदूक लटकवून लग्नाला आलेला पाहुणा पाहून पुण्याचे नातेवाईक दचकतात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली, तिचंच पुढे लश्कर झालं, आणि तिच्यामागे आमच्यासारखी कितीतरी मराठी घरं आली. चंबळचे बीहड जवळ, डाकूंची भीती खरी. आजोबांची बाराबोअरची दुनळी ही काही चैन नव्हती.

त्यांच्यानंतर ती काकांच्या नावावर झाली. इंग्रजांचा १८७८ चा कायदा जाऊन आपला १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला होता. अर्जदार कोण, कुठला, बंदूक कशाला हवी, गुन्हा-बिन्हा नाही ना, एवढं पाहिलं जायचं. बंदूक हाताळता येते का, हे काकांना कुणीच विचारलं नाही. ते घरातच शिकायचं असतं, असं सगळे धरून चालले होते. आजोबांनी शिकवलंही होतं: रिकामी असली तरी माणसाकडे रोखायची नाही, काडतुसं वेगळ्या ट्रंकेत. काकांना हे पाठ होतं. पाठच होतं फक्त.

१९७४ च्या एका लग्नात काकांनी हवेत बार काढला. एक नळी उडाली, दुसरी भरलेलीच. खुर्चीत बसता बसता चापावर बोट गेलं आणि छर्रे आत्याच्या खांद्यात घुसले. ती वाचली, पण डावा हात पुन्हा कधी वर गेला नाही. स्वतःची वेणी तिला घालता येईना. आई घालून द्यायची. घरात मात्र "फटाका लागला" एवढंच सांगायचं ठरलं. लायसन्सवरचे शिक्के सगळे जागेवर होते हो!

काका गेले, मुलबाळ नव्हतं, वारस मी. तोवर २०१६ चे शस्त्र नियम आले होते. त्यांत अर्जदाराला सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं लागतं: हत्यार सुरक्षित हाताळणं आणि बाळगणं, नेम आणि फायर, निगा, साठवण, ने-आण. मग एस-१ नमुन्यातलं प्रमाणपत्र मिळतं. शिवाय डॉक्टरांचा दाखला. मला आधी राग आला. आमच्या तीन पिढ्या बंदूकवाल्या, मला काय शिकवणार?

उस्ताद निवृत्त फौजी होते. मी सवयीने म्हणालो, "खाली है." ते म्हणाले, "खाली है मत बोलिए, खोलके दिखाइए." बंदूक मोडून दोन्ही नळ्या उजेडाकडे धरायच्या, मगच दुसऱ्याच्या हातात द्यायची. दोन मिनिटांचं काम. मला एकदम आत्याची वेणी आठवली, बाकीचं त्या दिवशी फारसं डोक्यात गेलं नाही.

त्याच नियमांत सार्वजनिक जागी बंदूक झाकून न्यायची अट आहे, आणि लग्नात बार काढायला मनाई. २०१९ च्या दुरुस्तीने अशा जीवघेण्या हर्षफायरला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. इकडे तरी बार निघतात, ते वेगळं.

लायसन्स घेऊन आत्याला भेटायला गेलो. ऐंशीच्या पुढची ती. पुस्तक उलटसुलट पाहून म्हणाली, "परीक्षा घेतली का रे तुझी?" हो म्हटलं. "काकाची नव्हती घेतली," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

फटाक्याची गोष्ट मी आज पहिल्यांदाच खरी लिहितोय, तिला विचारूनच. इंदूर, बडोदा, बेळगावकडच्या कुणाच्या घरी आजोबांच्या काळचं लायसन्सचं पुस्तक असेल तर त्यात काय काय विचारलंय ते जरूर लिहा. नंबर आणि पत्ता झाकून फोटो टाकलात तरी चालेल.