रात्रीची दोन घटका मौज : धुळ्याचे मास्तर, हिवाळ्यातल्या कृत्तिका आणि एक न मिटलेला प्रश्न



पेटची तयारी करणाऱ्यांकडून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, विषय शोधायचा कसा? दुसरा, जळगाव-धुळ्यात राहून संशोधन होतं का, की त्यासाठी पुणं-मुंबईच गाठावी लागते? दुसरा प्रश्न विचारताना बऱ्याच जणांचा आवाज जरा खाली जातो. आणि आता अभ्यास म्हटल्यावर गाणं, चित्रं, आकाश बघणं असले छंद बंद करायचे, असंही अनेकांनी ठरवून टाकलेलं असतं.

आज या सगळ्यावर बोलू, पण उपदेश करून नाही. खानदेशातल्याच एका शाळामास्तराचं काम तुमच्यापुढे ठेवतो. त्यांचा युक्तिवाद तुम्ही या हिवाळ्यात स्वतः तपासू शकता. दुर्बीण लागत नाही, नुसते डोळे पुरतात.

मास्तर कोण?

शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म 1853, कोकणातल्या मुरुडचा. शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि ट्रेनिंग कॉलेज. पदवी नाही. सगळी हयात शिक्षण खात्यात गेली. रेवदंडा, ठाणे, बार्शी अशा बदल्या होत होत 1890 च्या आसपास ते धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिक्षक होते. तिथून पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले आणि 1898 मध्ये, पंचेचाळिशी गाठण्याआधीच वारले.

त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ 1896 मध्ये निघाला. इथे ज्योतिष म्हणजे भविष्य नव्हे, तर वैदिक काळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या खगोलगणिताचा इतिहास. पुढे विसाव्या शतकात भारत सरकारने या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. त्याच 1896 साली रॉबर्ट स्यूएल या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांचं भारतीय कालगणनेवरचं इंग्रजी पुस्तकही आलं. शिलालेखांच्या तारखा काढण्यासाठी इतिहासकार ते आजही वापरतात.

मात्र मला त्यांचं तिसरं पुस्तक जास्त आवडतं. त्याचं नाव ‘ज्योतिर्विलास’, आणि उपशीर्षक ‘रात्रीची दोन घटका मौज’. एक घटका म्हणजे 24 मिनिटं. म्हणजे रात्रीची 48 मिनिटं आकाशाकडे बघण्याची मौज! शिलालेखांची गणितं करणारा माणूस सामान्य वाचकाला मौजेचं आमंत्रण देतो, ही गोष्ट लक्षात ठेवा. इतिहासाचा विद्यार्थी पुस्तकाचं मुखपृष्ठसुद्धा पुरावा म्हणून वाचतो. दिवसा शाळा आणि रात्री आकाश बघणाऱ्या वाचकाची कल्पना लेखकाला करता येत होती, हे ते उपशीर्षक सांगतं.

खानदेशातला आणखी जुना धागा

धुळ्याहून थोडं चाळीसगावकडे या. पाटणादेवीच्या परिसरातल्या पाटण इथे शके 1128 चा, म्हणजे इ.स. 1207 चा शिलालेख आहे. मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि यादवांचा मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, असं त्यात नोंदलं आहे. दानाचा भाग जुन्या मराठीत आहे.

म्हणजे आठशे वर्षांपूर्वी इथे खगोलाच्या अभ्यासाला जमीन आणि उत्पन्न लावून दिलेलं होतं. दीक्षितांना असा मठ नव्हता. भाऊ दाजींचाही पेशा वैद्यकाचा. दोघांचं संशोधन रोजच्या कामातून उरलेल्या वेळेतलं.

एका वाक्यावर उभा राहिलेला युक्तिवाद

आता मुख्य गोष्ट. शतपथ ब्राह्मणात अग्नी कोणत्या नक्षत्रावर स्थापन करावा याची चर्चा आहे. तिथे कृत्तिकांची बाजू घेताना असं म्हटलं आहे की त्या पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, बाकीची नक्षत्रं ढळतात. वाचणारे हे वाक्य शतकानुशतकं वाचत आले होते. दीक्षितांनी विचारलं, की हे खरं कधी होतं?

त्यांना हे विचारता आलं, कारण आज कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत नाहीत हे आकाश बघणाऱ्याला ठाऊक असतं. जळगाव-धुळ्याहून त्या पूर्वेच्या उत्तरेला सुमारे 26 अंशांवर उगवतात. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी साधारण 10 अंश भरते. म्हणजे पूर्वेपासून उत्तरेकडे अडीच मुठी.

हा फरक का पडला? पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो. एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे 26,000 वर्षं लागतात. त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांच्या तुलनेत दर 72 वर्षांना साधारण एक अंश सरकतो. यालाच संपातचलन म्हणतात.

आता वही घ्या. कृत्तिका आज वसंतसंपातापासून सुमारे 60 अंश पुढे आहेत. नेमकं पूर्वेला उगवायचं तर तारा खगोलीय विषुववृत्तावर हवा. कृत्तिका सूर्याच्या मार्गाच्या चार अंश उत्तरेला आहेत, त्यामुळे त्या विषुववृत्तावर यायला संपाताच्या सुमारे 9 अंश मागे असायला हव्यात. एकूण सरक झाली 69 अंश. 69 गुणिले 72 म्हणजे 4,968. जवळपास पाच हजार वर्षं, म्हणजे इ.स.पू. 3000 च्या आसपासचा काळ. दीक्षितांचं उत्तर हेच होतं. 1895 मध्ये त्यांनी ते ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात इंग्रजीत मांडलं.

काळ बघा. 1893 मध्ये टिळकांचं ‘ओरायन’ आलं होतं. त्याच सुमारास जर्मनीत याकोबीही ताऱ्यांवरून वेदांचा काळ काढत होते. दीक्षित त्याच चर्चेत उतरले होते.

पण हे सिद्ध झालं का?

इथे थांबा, कारण संशोधनाची खरी परीक्षा इथेच असते. निष्कर्ष आवडला की आपण तपासणी सोडतो. गाईड पहिलं बोट नेमकं तिथेच ठेवतात.

आक्षेप एक : ‘पूर्वेपासून ढळत नाहीत’ म्हणजे भूमितीतली नेमकी पूर्व, की ढोबळ पूर्वेची बाजू? ग्रंथ यज्ञविधीचा आहे, वेधशाळेची नोंदवही नाही.

आक्षेप दोन : नजरेच्या चुकीला जागा किती? त्या काळात कृत्तिकांच्या उगवतीत एका अंशाचा फरक पडायला साधारण 180 वर्षं लागत. म्हणजे बघणाऱ्याची तीन अंशांची चूक झाली तर काळ इकडे-तिकडे पाचशे वर्षांनी हलतो. ‘इ.स.पू. 2990’ असा नेमका आकडा कुणी सांगितला तर सावध व्हा.

आक्षेप तीन, आणि हा सगळ्यात मोठा : निरीक्षणाचा काळ आणि ग्रंथरचनेचा काळ एकच कशावरून? भाषा आणि समाजाच्या पुराव्यावरून बहुतेक अभ्यासक शतपथ ब्राह्मण इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धात ठेवतात. जुनं निरीक्षण पिढ्यान्‌पिढ्या पाठांतरातून खाली आलेलं असू शकतं.

मग प्रश्न निकालात निघाला? नाही. कारण इ.स.पू. 800 धरलं तर कृत्तिका पूर्वेपासून सुमारे 12 अंश उत्तरेला उगवत असणार. मुठीपेक्षा जास्त! रोज आकाश बघणाऱ्याच्या हे सहज लक्षात येईल. तेव्हा ते वाक्य ढोबळ होतं, की वारशाने आलेलं, की आपण त्याचा अर्थच वेगळा लावतोय, हा वाद शंभर वर्षांनंतरही चालू आहे. दीक्षितांचा निष्कर्ष सगळ्यांनी मान्य केलेला नाही, पण त्यांचा प्रश्न अजून टाळता येत नाही.

हेच मास्तर दुसऱ्या एका ठिकाणी मात्र पक्क्या जमिनीवर होते. एरणच्या स्तंभलेखात गुप्त संवत 165, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार अशी तारीख आहे. दीक्षितांच्या गणितातून ती 21 जून 484 निघाली आणि वारही गुरुवारच आला. गुप्त संवत इ.स. 319-20 पासून मोजायचा, या फ्लीट यांच्या मांडणीला (1888) त्यातून भक्कम आधार मिळाला. तिथी आणि वार दोन्ही जुळावे लागतात, त्यामुळे तिथे अर्थाला पळवाट नाही. एकाच अभ्यासकाचे हे दोन पुरावे शेजारी ठेवून बघा. पुराव्याचं वजन तोलणं म्हणजे काय ते मेथडॉलॉजीच्या पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

तुम्ही काय करायचं?

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पूर्वेचं क्षितिज मोकळं असेल अशा मळ्यात जा. कृत्तिका संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास उगवतात. क्षितिजावर धुरकट असेल तर थोडं थांबावं लागेल, पण लक्षात ठेवा, आपल्या अक्षांशावर तारा वर चढताना दक्षिणेकडे सरकत जातो. म्हणून दिसल्या दिसल्या खूण करा : एखादं झाड, विजेचा खांब, काहीही.

मग नऊच्या सुमारास मृगातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाची वाट बघा. त्यातला पहिला उगवणारा तारा आज जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो. पाच हजार वर्षांपूर्वी कृत्तिका जिथे होत्या, ती जागा आज त्याच्याकडे आहे. दोन खुणांमधलं अंतर मुठींनी मोजा. ते अंतर म्हणजे डोळ्यांना दिसणारं संपातचलन. पूर्व दिशा मोबाइलवर तपासून बघा, पण आधी स्वतःचा अंदाज लिहून ठेवा.

हे जमलं नाही तर जानेवारी आहेच. महिन्याच्या मध्यात रात्री साडेआठला कृत्तिका जवळजवळ डोक्यावर येतात. तेव्हा आपल्याकडे भरीत-पार्ट्या रंगलेल्या असतात. शेकोटीपासून पन्नास पावलं दूर जा, डोळ्यांना दहा-पंधरा मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या आणि पुंजक्यात किती तारे दिसतात ते मोजा. सोबतच्या प्रत्येकाला वेगवेगळे मोजायला लावा आणि आकडा मोठ्याने सांगू देऊ नका. सहा, सात, कुणाला पाच. एकाच रात्री, एकाच जागेवरून. ‘साक्षीदारांची साक्ष वेगळी का पडते’ हा इतिहासातला प्रश्न मग वेगळा शिकवावा लागणार नाही.

चित्रकलेची आवड असेल तर रोज एकच चौकट काढा : क्षितिज, झाडं, तारे, तारीख, वेळ. तीन महिन्यांत तुमच्याकडे स्वतः तयार केलेलं प्राथमिक साधन असेल.

विषयाच्या शोधात असाल तर हेही बघा. दीक्षितांसारखे शाळामास्तर, त्यांचे वाचक, त्या काळातली मराठी विज्ञानाची पुस्तकं आणि धुळ्यासारख्या गावातल्या वाचनाच्या सवयी यांवर करण्यासारखं भरपूर आहे. राजवाड्यांच्या निधनानंतर 1927 मध्ये स्थापन झालेलं राजवाडे संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. हौशी आकाशनिरीक्षकांचा इतिहास हवा असेल तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे. सिनॉप्सिस लिहिताना मात्र एक पथ्य पाळा. ‘मला आकाशाची आवड आहे’ हा विषय होत नाही. ‘हे वाक्य खरं कधी होतं?’ हा होतो. आवडीतून असा एखादा प्रश्न निघेपर्यंत वही चालू ठेवा.

पुढच्या लेखात पाटणच्या शिलालेखातली तारीख पायरी-पायरीने कशी तपासायची ते बघू. तोपर्यंत रोज दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं, बाजूला काढून ठेवा.