धार कोणी राखली?

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे प्रथम तलवारी उभ्या राहतात. नांदेड-लातूरच्या भूमीला तलवारींच्या स्मृतींची वाण नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी नांदेडास देह ठेवला. १७६० साली उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामावर जय मिळविला. परंतु तलवारीपेक्षा कितीतरी अधिक दिवस आणि कितीतरी अधिक घरांत या मुलखात जी पाती चालली, ती विळ्याची, खुरप्याची, कुळवाच्या फाशीची आणि गेल्या शतकात कडबा कापणाऱ्या यंत्राची. ही पाती कोणी घडविली हे थोडेफार लिहिले गेले आहे. ती बोथट झाल्यावर त्यांना पुन्हा धार कोणी लावली, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. आज त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

जुन्या गावगाड्यात त्याचे उत्तर ठरलेले होते. पेरणीपूर्वी शेतकरी फाळ, फास, कुऱ्हाड घेऊन लोहाराच्या भात्यापाशी जाई आणि ती शेवटून आणी. त्या वेळी रोख पैसा हातात पडत नसे; सुगीला खळ्यावर बलुत्याचे धान्य मिळे. म्हणजे मोबदला एकेका कामाचा नसून वर्षाच्या निगेचा होता. औजार वारंवार बिघडले, तर भाता लोहारालाच अधिक फुंकावा लागे आणि धान्य तेवढेच मिळे. औजार टिकण्यात शेतकऱ्याइतकेच लोहाराचेही हित होते. गावात लोहार नसेल तेथे गाडीवर संसार घेऊन फिरणारे घिसाडी पाल टाकीत. शस्त्रांना उजळा देणारे शिकलगार नांदेड भागात पुढे सुऱ्या-विळ्यांकडे वळले.

पण या व्यवस्थेचे गोडवे गाऊन थांबणे बरे नव्हे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ सालच्या ‘गावगाडा’त तिचे दोष परखडपणे मांडले आहेत. कामात दिरंगाई होई, धान्यावरून तंटे होत. आणि सर्वांत मोठा दोष हा की, हे काम जन्माने गळ्यात पडे. ज्याच्या हातावाचून पेरणी होत नसे, त्याला पंगतीत मात्र मागची जागा होती. निगेची गरज सर्वांना होती. निगा राखणाराला मान देण्याची तयारी नव्हती.

इतक्यात यंत्र आले. १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंग या कारागिराने गवत कापण्याचे यंत्र सिद्ध केले. कापडावरची लव कातरणारे यंत्र त्याने गिरणीत पाहिले होते; तीच युक्ती त्याने हिरवळीवर चालविली. तिकडे हे यंत्र बागेच्या शोभेसाठी फिरले. आपल्याकडे कापण्याच्या यंत्राची गरज निराळी होती. येथे गवताची हिरवळ नव्हती, ज्वारीच्या कडब्याची गंजी होती. आणि ती गंजी लाल कंधारी व देवणी या आपल्या नामांकित जनावरांना उन्हाळाभर पुरवावयाची होती. अख्खी पेंढी टाकली, तर जनावर पाला खाते आणि जाड बुडखे पायाखाली तुडविते. बारीक कुट्टी केली, तर तेवढाच कडबा अधिक दिवस पुरतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात ज्या शेतीयंत्रांपासून सुरुवात केली, त्यांत कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही प्रमुख होत. लोखंडाने जमिनीला विष चढेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर दूरदूर पोहोचला. या घटनेची एक बाजू सहसा ध्यानात येत नाही. लोहार ज्यावर घण घाली ते घडीव लोखंड. कारखान्यातले कित्येक भाग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. आपल्या बीड जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही! बिडावर घण घातला तर ते पसरत नाही, फुटते. तो भाग झिजला म्हणजे शेवटता येत नाही, नवा बसवावा लागतो. अशा रीतीने निगेचा मोठा भाग भात्यापासून उठला आणि बाजारपेठेतल्या दुकानात गेला.

कडबा कापण्याच्या यंत्राची रचना साधी आहे. जड चाकाला दोन पाती. तोंडाशी पोलादी पट्टी. पाते आणि पट्टी यांच्यामध्ये कागदाएवढी फट. फट वाढली की धाट कापले न जाता मुडपते. दोन्ही पाती सारखीच घासावी लागतात, नाहीतर चाक एका अंगाला जड होऊन हादरते. हिरव्या वैरणीचा चीक पुसला नाही, तर एका पावसाळ्यात गंज चढतो. आज लहान ट्रॅक्टरच्या पोटाखाली गवत कापणारी पाती फिरतात, त्यांचे शास्त्रही हेच. आतल्या पत्र्याला चिकटलेले ओले गवत खरवडावे, पाती समतोल राखावीत, पट्ट्याचा ताण पाहावा. यंत्र बदलले, निगेचे नियम बदलले नाहीत.

१९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढील दशकांत मराठवाड्याच्या खेड्यांत वीज शिरू लागली. हाताच्या चाकाला पट्टा घालून मोटर जोडण्यात आली. ही सुधारणा खरी. पण हाताच्या गतीसाठी घडविलेले यंत्र मोटरच्या गतीने पळू लागले, की साधे बुश झिजतात, बोल्ट सैल होतात आणि वैरण लोटणारा हात पात्यापर्यंत ओढला जातो. म्हणून मोटरबरोबर छऱ्यांचे बेअरिंग, पट्ट्यावर जाळी आणि रूळ उलटे फिरविणारा दांडा हवा. १९८३ साली केंद्र सरकारने धोकादायक शेतीयंत्रांविषयी कायदा केला, तो मुख्यतः मळणीयंत्रांत तुटणाऱ्या हातांमुळे. यंत्राची शक्ती वाढवून निगा तेवढीच ठेवली, तर त्याची किंमत मजुराच्या बोटांनी चुकविली जाते.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याला वैरणीचे मोल नव्याने कळले. त्याच वर्षी परभणीला कृषी विद्यापीठ झाले. त्यानंतर यंत्रे पुष्कळ आली, खरेदीसाठी कर्जेही मिळाली. परंतु खरेदीचा दिवस हार घालून साजरा होतो. धार लावण्याचा दिवस कोणाच्या हिशेबात नसतो. बलुत्याने निगेचा वर्षाचा हिस्सा राखून ठेवला होता, पण निगा राखणाराला खाली बसविले. आम्ही त्याला जन्माच्या बंधनातून सोडविले ते योग्यच केले. त्याबरोबर तो हिस्साही सोडून दिला, ही उणीव आहे. यंत्र घेताना त्याच्या वर्षाच्या निगेची तरतूद बाजूला काढावी, आणि बाजारपेठेत पाती घासणाऱ्या मेकॅनिकला शिक्षण, योग्य दाम आणि बसावयास बरोबरीची जागा द्यावी. नांदेड-लातूरच्या नगरजनांना एवढे करणे अवघड नाही.