पांचगांवचा जय

गोंदियाहून चांद्याकडे जाणारी आगगाडी वडसा सोडतांच वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीच्या बाजूस लागते. आज वडसा गडचिरोली जिल्ह्यांत व ब्रह्मपुरी चंद्रपूर जिल्ह्यांत मोडते. पूर्वीं हा मुलूख चांदा या एकाच नांवाखालीं येत असे. नागपूरकर भोसल्यांच्या गृहकलहाचें मूळ शोधूं लागलों म्हणजे आम्हांस वारंवार या चांद्याकडेच वळावें लागतें.

चांद्याचें गोंड राज्य १७५१ सालीं पहिल्या रघूजीच्या हातीं आलें आणि १७५५ त तो वारला. त्याच्या चार पुत्रांपैकीं जानोजी वयानें वडील, पण धाकट्या राणीचा. मुधोजी वयानें लहान, पण थोरल्या राणीचा. पेशव्यांनीं जानोजीस सेनासाहेब सुभा केलें आणि मुधोजीस सेनाधुरंधर हा किताब व चांद्याची जहागीर दिली. तडजोड न्यायाची दिसते. परंतु असंतुष्ट भावास किल्ला, महसूल आणि फौज देणें म्हणजे कलहास घर बांधून देणेंच होय.

निपुत्रिक जानोजीनें मुधोजीचाच पुत्र रघूजी यास दत्तक नेमिलें. १७७२ त जानोजी निवर्तला, तेव्हां मुधोजी पुत्राचा कैवारी म्हणून पुढें आला. पण सत्ता तिसरा भाऊ साबाजी यानें बळकाविली. पुढील वर्षीं पुण्यांत नारायणरावाचा खून झाला. मग राघोबादादांनीं मुधोजीचा पक्ष घेतला, बारभाईंनीं साबाजीचा; पुण्याची दुही नागपूरच्या दुहीस येऊन मिळाली.

२६ जानेवारी १७७५ रोजीं नागपूरजवळ पांचगांवीं निकराची लढाई झाली. साबाजीचा जय होत आलाच होता. भावास शरण आणावें या उमेदीनें त्यानें आपला हत्ती मुधोजीवर घातला, आणि मुधोजीनें पिस्तूल झाडून त्यास ठार केलें, अशी हकीकत आहे. हातची गेलेली लढाई एका गोळीनें फिरली.

पुढें मुधोजीनें १७८८ त मृत्यु येईपर्यंत पुत्राच्या नांवें राज्य चालविलें. त्यास भ्रातृघातकी म्हणून सोडून देणें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. कारण त्याच्यामागें दुसऱ्या रघूजीनें आपला भाऊ व्यंकोजी यास पुन्हा चांदाच दिला! या व्यंकोजीचा पुत्र तो अप्पासाहेब. १८१७ त त्याचा चुलतभाऊ परसोजी याचा खून झाला व त्याचा आळ अप्पासाहेबावरच आला. १८१८ त चांद्याचा किल्ला इंग्रजांनीं घेतला. मुधोजीनें पांचगांवीं राज्य मिळविलें खरें. पण ज्या वांटणीनें त्याला भावाविरुद्ध उभें केलें, तीच त्याच्या घराण्यानें पुढच्या पिढीच्या हातीं दिली.